तलंग कीं कोंबडा? घरच्या कोंबड्यांची पारख व त्यांचें वर्तन



खेड्यांत ज्या घरीं शेत नाहीं व म्हैसही नाहीं, त्या घरींसुद्धां बहुधा चारपांच कोंबड्या असतात. मीठमिरची, मुलांची वही, औषधाची बाटली हा वरखर्च पुष्कळदां अंड्यांवरच निघतो, आणि तो हिशेब घरच्या बाईच्या हातीं असतो. म्हणून कोणतें पिल्लूं ठेवावें व कोणतें बाजारीं न्यावें हा प्रश्न अशा घरीं क्षुल्लक नव्हे. दोन महिन्यांचें पिल्लूं कोंबडा समजून विकलें आणि तें तलंग निघालें, तर तिचीं सर्व अंडीं व पुढची सर्व प्रजा परक्याच्या खुराड्यांत गेली. गांवरान कोंबडी वर्षाला पन्नासापासून ऐंशीपर्यंत अंडीं देते, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे तोटा किती तें कळेल. उलट, तलंगा समजून चार कोंबडे वाढविले, तर ते दाणा खातात, आपसांत झुंजतात व असलेल्या कोंबड्यांना सुख लागूं देत नाहींत.

ह्या बाबतींत माझ्याच हातून घडलेली चूक प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं एका कोंबडीनें अकरा पिल्लें काढिलीं. तीं आठ आठवड्यांचीं झालीं तेव्हां त्यांतील चार मीं निवडलीं, कारण तीं ताठ चालत, मान उंच करून बघत व दुसऱ्यांच्या अंगावर धांवून जात. माझें कुटुंब म्हणालें, "अजून महिनाभर थांबा." मीं ऐकलें नाहीं. त्यांपैकीं एक पिल्लूं शेजारच्या मावशींनीं विकत घेतलें. चार महिन्यांनीं त्यांनीं एक अंडें पदराखालीं झांकून आणिलें व ओट्यावर ठेवून म्हटलें, "तुमच्या कोंबड्यानें घातलें आहे." तेव्हांपासून मीं ह्या विषयाचा नीट अभ्यास केला.

आरंभ अंड्यापासून करूं. टोंकदार अंड्यांतून कोंबडा व गोल अंड्यांतून कोंबडी निघते असें सांगणारे लोक गांवोगांव भेटतात, आणि कोंबडी रवणास बसवितांना पुष्कळ बाया त्याप्रमाणें अंडीं निवडितात. ग्रीस देशांतील अॅरिस्टॉटल ह्या पुरातन तत्त्ववेत्त्यानें तर बरोबर उलट लिहून ठेविलें आहे. त्याच्या मतें लांबट व टोंकदार अंडें मादीचें. दोन्ही मतें निराधार आहेत. अंड्याचा आकार तें घालणाऱ्या कोंबडीच्या अंडनलिकेप्रमाणें बनतो. आंतील जीवाच्या लिंगाशीं त्याचा संबंध नाहीं. मनुष्यांत मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजानें ठरतें, परंतु पक्ष्यांत तें मातेच्या बीजानें ठरतें, आणि कवच बनण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. सरासरीनें निम्मे नर व निम्म्या माद्या निघतात. एखाद्या वेळीं दहांपैकीं सात कोंबडे निघाले तर तो निव्वळ योगायोग होय. तेवढ्यावरून त्या कोंबडीस नांवें ठेवूं नयेत.

एकवीस दिवसांनीं पिल्लूं बाहेर आलें म्हणजे तरी ओळख पटते काय? साध्या डोळ्यांना पटत नाहीं. जपानांतील मासुई व हाशिमोटो ह्या शास्त्रज्ञांनीं एक दिवसाच्या पिल्लाचें गुदद्वार किंचित् उलटून नर-मादी ओळखण्याची रीत बसविली, व तिच्यावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३३ सालीं निघालें. मोठमोठ्या हॅचऱ्यांत ह्या विद्येंत तरबेज झालेले लोक कामास ठेवितात. परंतु ती वर्षानुवर्षांच्या सरावाची गोष्ट आहे. नवख्या हातांनीं पिल्लाचें पोट दाबलें तर आंतडीं फुटून तें मरतें. म्हणून घरीं हा प्रयोग मुळींच करूं नये. ह्याच ठिकाणीं एक सूचना करितों. आठवड्याच्या बाजारांत हिरवीं, गुलाबी, जांभळीं रंगविलेलीं पिल्लें स्वस्तांत विकावयास येतात व मुलें त्यांसाठीं हट्ट धरितात. अंडीं देणाऱ्या जातींच्या हॅचऱ्यांत नर पिल्लांचा उपयोग नसतो, म्हणून पुष्कळ देशांत तीं पहिल्याच दिवशीं मारून टाकितात (जर्मनीनें ही रीत २०२२ सालाच्या आरंभापासून कायद्यानें बंद केली आहे), आणि कांहीं अशा रीतीनें बाजारांत येतात. रंगविलेलीं पिल्लें बहुधा हीं नर पिल्लेंच असतात. त्यांपासून अंड्यांची आशा धरून पैसे घालवूं नयेत.

रंगावरून ओळख पटते असें कोणी म्हणेल, तर तें कांहीं विशिष्ट संकरांपुरतें खरें आहे. ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा व लाइट ससेक्स जातीची पांढरी कोंबडी ह्यांचीं पिल्लें घेतलीं, तर माद्या तांबूस व नर फिकट निघतात. पण आपल्या अंगणांतील कोंबड्यांचा बाप कोण हेंच जेथें निश्चित नसतें, तेथें रंगाचा नियम लागू पडत नाहीं.

सहा आठवड्यांच्या सुमारास पहिलीं खरीं लक्षणें दिसूं लागतात. नराचा तुरा मादीच्या तुऱ्याहून लवकर मोठा व तांबडा होतो. चोंचीखालचें लोंबतें मांसही वाढूं लागतें. पाय जाड दिसतात. नराच्या शेपटीवर व खांद्यांवर पिसें उशिरां भरतात, त्यामुळें ह्या वयांत मादी नीटनेटकी व नर ओबडधोबड दिसतो. हीं लक्षणें उपयोगी आहेत खरीं, परंतु त्यांतील एकट्यादुकट्यावर निकाल देऊं नये, कारण जातीप्रमाणें तीं फसवितात. झाबुआकडील कडकनाथ जातीचा तुरा जांभळट काळा असतो, तेव्हां तांबडेपणाची वाट पाहणारा फसतो. असील जातीचा तुरा मुळांतच लहान व डोक्यास चिकटलेला असतो, आणि तिच्या तलंगाही अंगानें ताठ व स्वभावानें भांडखोर असतात. उघड्या मानेच्या कोंबड्यांच्या मानेवर पिसेंच नसतात, म्हणजे मानेच्या पिसांवरून पारख करणारा तेथें आंधळा. गिरिराज, वनराज ह्यांसारख्या सुधारलेल्या जातींचीं पिल्लें अंगानें लवकर भरतात, म्हणून त्यांच्या तलंगाही गांवरान कोंबड्याएवढ्या दिसतात. आणि ताठ चालण्याविषयीं म्हणाल, तर माझी फजिती वर सांगितलीच आहे. पिल्लूं ताठ चालतें तें धीट आहे म्हणून. धीटपणा दोघांतही असतो.

खात्रीचें लक्षण पिसांत आहे, पण त्यासाठीं तीन महिने थांबावें लागतें. कोंबड्याच्या पाठीवर, जेथें शेपटी सुरू होते त्याच्या थोडें पुढें, कंबरेच्या दोन्ही बाजूंस जीं पिसें लोंबतात तीं पाहावीं. मादीचीं पिसें तेथें रुंद असून त्यांचें टोंक गोल असतें, एखाद्या लहान पळीसारखें. नराचीं पिसें अरुंद व लांब असून टोंकाशीं भाल्यासारखीं निमुळतीं होतात व त्यांच्या कडांना चकाकी असते. मानेवरील पिसांतही हाच भेद असतो, पण मादीच्या मानेचीं पिसेंही थोडीं निमुळतीं असल्यामुळें तेथें घोटाळा होतो; कंबरेपाशीं तो होत नाहीं. बाराव्या आठवड्याच्या सुमारास नराचीं अशीं दोनचार पिसें जुन्या पिसांतून डोकावूं लागतात. कांहीं पिल्लें उशिरां भरतात, त्यांना चौदा-पंधरा आठवडे द्यावे.

पाहण्याची सोयीची वेळ म्हणजे रात्र. दिवसां पिल्लूं धरूं गेलें तर सगळें अंगण उधळतें व पिसें विसकटतात. दिवे लागल्यानंतर अर्ध्या तासानें खुराड्याजवळ जाऊन, पिल्लूं दोन्ही पंखांसह हळूच उचलावें, मांडीवर घ्यावें, आणि बॅटरीच्या उजेडांत कंबरेचीं पिसें बोटानें उलट्या बाजूस सारून एकेक टोंक पाहावें. अंधारांत कोंबड्या शांत राहतात. एका रात्रींत दहाबारा पिल्लें सहज तपासून होतात. खात्रीची एक कोंबडी व एक कोंबडा जवळ असल्यास त्यांचीं पिसें आधीं पाहून ठेवावीं, म्हणजे डोळा तयार होतो.

आरवणें हें लक्षण सर्वांस ठाऊक आहे. तरुण कोंबडा तिसऱ्या ते पांचव्या महिन्यांत फाटक्या आवाजांत आरवूं लागतो. परंतु जो आरवत नाहीं तो कोंबडा नव्हे असें म्हणतां येत नाहीं. मोठ्या कोंबड्याच्या धाकानें कित्येक तरुण कोंबडे महिनोन्महिने गप्प असतात, आणि तो विकला जातांच दुसऱ्या पहांटे आरवतात. पायाच्या मागील काट्याचीही तीच गोष्ट. लहानपणीं तो दोघांसही नुसता गांठीसारखा असतो, आणि जुन्या कोंबडीस कधीं कधीं चांगला लांब काटा येतो.

एखादी कोंबडी आरवूं लागली तर काय समजावें? पुष्कळ ठिकाणीं हा अपशकुन मानून तिची मान तत्काळ मुरगाळितात. ह्याचें कारण शरीरांतलें आहे. कोंबडीच्या अंगीं डाव्या बाजूचाच अंडाशय काम करितो. रोगानें किंवा म्हातारपणानें तो निकामी झाला म्हणजे त्यांतून मिळणारा मादीपणाचा रस बंद होतो, उजव्या बाजूचा निद्रिस्त अवयव कधीं वाढतो, आणि मग तिला नरासारखीं पिसें येतात, तुरा वाढतो व ती आरवते. कोंबड्यांत नरासारखा पिसारा ही मूळची ठेवण असून मादीचा साधा पिसारा त्या रसानें येतो, हें वाचून मला फार आश्चर्य वाटलें. अशी कोंबडी बहुधा पुढें अंडीं देत नाहीं, म्हणून ठेवावी कीं विकावी हा तुमचा हिशेब. पण घरावर संकट येणार म्हणून भिण्याचें कारण नाहीं. युरोपांतील लोकही ह्या भयांतून सुटलेले नव्हते. स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरांत १४७४ सालीं एका कोंबड्यानें अंडें घातलें म्हणून त्याच्यावर रीतसर खटला भरून त्याला जाळण्यांत आलें.

येथपर्यंत पारख झाली. पण पारखून ठेवलेल्या कोंबड्या एकत्र कशा नांदतात हें समजल्यावांचून तिचा लाभ पुरता पदरांत पडत नाहीं. आपल्या घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. (तिची पिंवळी कातडी व पिंवळे पाय मात्र दक्षिणेकडील राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असें २००८ सालीं सिद्ध करण्यांत आलें, हा पक्षी सह्याद्रीच्या रानांत आजही आरवतो.) रानांतील संवयी तिनें सोडलेल्या नाहींत. रात्रीं उंचावर बसणें, आडोशाला अंडीं लपविणें, आणि कळपांत प्रत्येकीनें आपली पायरी ओळखून राहणें, हें सर्व तिकडचेंच आहे.

ह्या पायरीचा शोध थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे ह्या नॉर्वेच्या गृहस्थानें लाविला. त्याला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळीत बसण्याचा नाद होता. कोण कोणास टोचते हें तो लिहून ठेवी. त्यावरून त्यानें १९२१ सालीं दाखविलें कीं, कळपांतील एक कोंबडी सर्वांना टोचते व तिला कोणी टोचीत नाहीं. दुसरी पहिलीखेरीज सर्वांना टोचते. असें होत होत शेवटची सर्वांकडून मार खाते. हा क्रम एकदां ठरला म्हणजे भांडणें थांबतात. मग नुसती मान उंच केली तरी खालची बाजूला सरते. आपण दाणे टाकितो तेव्हां कोण आधीं येते व कोण मागें उभी राहते हें आठ दिवस लक्ष देऊन पाहा, म्हणजे तुमच्या अंगणांतील क्रम तुम्हांला तोंडपाठ होईल.

हें जाणण्याचा व्यवहारांत फार उपयोग आहे. शेवटच्या पायरीवरील कोंबडी दुबळी व अंड्यावर न येणारी दिसते, आणि घरचे लोक तिला रोगी किंवा वांझ समजून विकून टाकितात. पुष्कळदां ती केवळ उपाशी असते. दाणा एकाच ठिकाणीं एकाच थाळींत घातला तर वरच्या दोघी थाळी अडवितात. तोच दाणा दोन-तीन ठिकाणीं, एकमेकांपासून पांचसात हात अंतरावर टाकावा, व पाण्याचींही दोन भांडीं ठेवावीं. आमच्या घरीं एवढा फरक केल्यावर एक "वांझ" कोंबडी महिन्याभरांत अंड्यावर आली.

दुसरा प्रसंग नव्या कोंबडीचा. एका घरीं बाजारांतून चांगली धष्टपुष्ट तलंग आणून भर दुपारीं जुन्या कोंबड्यांत सोडली. संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्याची कातडी सोलून निघाली होती, व दुसऱ्या दिवशीं ती मेली. घरचे म्हणाले, आमच्या कोंबड्या दुष्ट आहेत. दुष्टपणा कसला? परकी आली, तिची पायरी ठरावयाची होती, पळून जावयास जागा नव्हती, आणि एकदां रक्त दिसलें म्हणजे सगळ्याच कोंबड्या त्या जागीं चोंच मारितात. नवीन कोंबडी आणिली म्हणजे तिला प्रथम दोन-तीन आठवडे अगदीं वेगळें ठेवावें. हें मानमोडीसारखा रोग आंत येऊं नये म्हणूनही अवश्य आहे. त्यानंतर कांहीं दिवस ती डालग्याखालीं किंवा जाळीच्या आड, पण जुन्यांच्या नजरेसमोर असावी. मग मोकळ्या अंगणांत सोडावी. कोंडलेल्या खुराड्यांत नव्हे. शक्य तर एकटी न आणितां दोघी आणाव्या, म्हणजे मार वांटला जातो. जिला जखम झाली ती बरी होईपर्यंत बाजूस काढावी. रवणास बसलेली कोंबडी पिल्लें घेऊन परत येते तेव्हांही थोडी चकमक उडते, पण पिल्लांची आई सहसा कोणास भीत नाहीं.

आतां कोंबड्यांकडे वळूं. आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरे. तीन-चार ठेवले तर त्यांच्या वारंवार चढण्यानें कोंबड्यांच्या पाठीचीं पिसें जाऊन लाल कातडी उघडी पडते. तसें दिसतांच खरजेचें औषध शोधण्यापूर्वीं कोंबडे मोजावे. अंडीं येण्यासाठीं कोंबडा लागतो हाही गैरसमज आहे. कोंबडी त्याच्यावांचून तितकींच अंडीं घालते, फक्त त्यांतून पिल्लें निघत नाहींत. उन्हाळ्यांत हा लाभच होय, कारण फळलेलें अंडें उष्णतेनें आंतल्या आंत वाढूं लागून लवकर बिघडतें, आणि न फळलेलें अधिक दिवस टिकतें. रवणासाठीं अंडीं हवीं असल्यास कोंबडा कांहीं दिवस आधीं कळपांत असला कीं झालें. एका संगापासून दोन आठवड्यांपर्यंत अंडीं फळूं शकतात. त्यामुळेंच, आवडता कोंबडा आणिल्यावर निघणारीं पहिलीं पिल्लें जुन्या कोंबड्याचींही असूं शकतात.

एकच ठेवावयाचा तर कोणता ठेवावा? केवळ वजन व रंग पाहून निवडूं नये. चांगला कोंबडा दाणा सांपडला म्हणजे कुकुक् असा हलका आवाज करून कोंबड्यांना बोलावितो, दाणा चोंचींत धरून खालीं टाकितो, व त्या खात असतां आपण उभा राहतो. (कित्येक लबाड मात्र दाणा नसतांनाही दूरच्या कोंबडीला असेंच बोलावितात!) आकाशांत घार दिसली म्हणजे तो लांब बारीक आवाज काढितो व सगळ्या झुडपाखालीं शिरतात; मुंगूस किंवा बोका आला तर तुटक तुटक मोठा कालवा करितो. हे दोन इशारे निरनिराळे आहेत हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे, आणि आवाज ओळखतां येऊं लागला म्हणजे घरांतील माणसासही वर पाहावें कीं कुंपणाकडे धांवावें तें कळतें. जो माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर, काटे घेऊन धांवतो तो कितीही देखणा असला तरी ठेवूं नये. त्याचा काटा मुलाच्या डोळ्यास लागण्याचें भय असतें.

पहांटेच्या आरवण्याविषयींही थोडें. शुभवर्तमानांत रात्रीच्या एका प्रहरास कोंबड्याच्या आरवण्याचेंच नांव आहे, इतकी ह्या घड्याळावर लोकांची भिस्त असे. कोंबडा उजेड पाहून आरवतो अशी समजूत होती. जपानांतील नागोया येथील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं कोंबड्यांस सतत मंद उजेडांत ठेवून पाहिलें, तरी ते आपल्या वेळेसच आरवले. म्हणजे घड्याळ त्यांच्या शरीरांतच आहे. २०१५ सालीं त्यांनीं आणखी दाखविलें कीं, एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरच्या पायरीचा प्रथम आरवतो व बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणें मागून आरवतात. वरचा काढून घेतला तर दुसरा आरंभ करितो. ज्यांच्याकडे सध्यां दोन-तीन कोंबडे आहेत त्यांनीं अंथरुणांत पडल्या पडल्या हें ऐकून पाहावें. कोणता धनी व कोणता चाकर हें बाहेर न जातां समजेल.

धुळींत लोळणाऱ्या कोंबडीस झटके आले असें समजून तिच्यावर पाणी ओतणारे लोक मीं पाहिले आहेत. तें तिचें स्नान आहे; त्यानें उवा-गोचीड कमी होतात. कोरडी राख व माती एका खळग्यांत घालून ठेवावी.

आमच्याकडे यंदा नऊ पिल्लें आहेत व तीं दहाव्या आठवड्यांत आहेत. सहाव्या आठवड्यांत ज्या तीन पिल्लांचे तुरे तांबडे दिसले त्यांच्या पायांत मीं तांबडा दोरा बांधिला, व जें एक नुसतें ताठ चालतें त्याच्या पायांत पांढरा. बाजारचे लोक दोनदां विचारून गेले. पंधरा दिवसांनीं बॅटरी घेऊन कंबरेचीं पिसें पाहीन, तोंवर कोणासही देणार नाहीं, असें त्यांस सांगितलें आहे. दोरा बांधावयाचा तर सैल बांधावा, करंगळीचें टोंक आंत गेलें पाहिजे, आणि दर आठ दिवसांनीं पाहावा. पाय वाढत असतो, आणि विसरलेला दोरा मांसांत रुततो.